बंगळूर : एका महानगराच्या अनेक सीमा



बंगळूर शहर कोठे संपते, हा वरकरणी भूगोलाचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो सत्तेचा प्रश्न आहे. 1964 च्या कायद्याने पाणीपुरवठा मंडळ आले, 1976 च्या कायद्याने विकास प्राधिकरण आणि 1985 च्या कायद्याने महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. प्रत्येकाची हद्द निराळी. 2007 नंतरच्या महापालिकेचे क्षेत्र सातशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, तर महानगर प्रदेशाचे सुमारे आठ हजार. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 84 लाखांवर माणसे मोजली गेली. अत्तिबेलेपलीकडील होसूर मात्र तामिळनाडूत असल्याने यांपैकी कोणत्याच हिशेबात येत नाही. कामगाराला रोज सीमा ओलांडावी लागते; नकाशाला ती ओलांडता येत नाही.

या सीमांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. जमिनीचे नियोजन करणारी हद्द सर्वांत विस्तीर्ण आहे आणि तिच्या कारभारावर नोकरशाहीचा व राज्य सरकारचा ताबा आहे. मतदाराला नगरसेवक निवडता येतो ती हद्द त्या मानाने लहान. नळाने पाणी मिळण्याची हद्द तर वर्षानुवर्षे त्याहूनही आखूड राहिली.

2007 साली जुन्या महापालिकेत सात नगरपालिका (येलहंका, ब्याटरायनपुरा, दासरहळ्ळी, राजराजेश्वरीनगर, बोम्मनहळ्ळी, कृष्णराजपुरम आणि महादेवपुरा), केंगेरी शहर आणि सुमारे 110 खेडी सामील करून ‘बृहत्’ महापालिका स्थापन झाली. खेडी गेली, ग्रामपंचायती गेल्या, शहरी घरपट्टी आली. जमिनीचे भाव तर त्याआधीच चढले होते. शेते विकली गेली, त्यांवर इमारतींचे संकुल उभे राहिले. पाणी मात्र आले नाही. शंभर किलोमीटरांवरून उपसून आणलेले कावेरीचे पाणी जुन्या शहरात पोचत असताना या खेड्यांनी कूपनलिका आणि टँकर यांवर दिवस काढले. 2024 च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, तेव्हा टँकरवाल्यांच्या दरावर सरकारला मर्यादा घालावी लागली. या खेड्यांसाठी आखलेला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. विलीनीकरणाला तोवर सतरा वर्षे झाली होती. ‘विस्तार’ हा शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतो!

याच शहराच्या दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक्स सिटी आहे. राज्यघटनेच्या 243 क्यू कलमाला एक परंतुक जोडलेले आहे. एखाद्या क्षेत्रात उद्योगच नागरी सेवा पुरवीत असतील, तर राज्यपाल ते औद्योगिक नगर म्हणून जाहीर करू शकतात आणि मग तेथे निवडून आलेली नगरपालिका स्थापण्याचे बंधन उरत नाही. 2013 साली इलेक्ट्रॉनिक्स सिटीला याच आधारे स्वतंत्र प्राधिकरण मिळाले. तेथील रस्ते चांगले आहेत, दिवे लागतात, हे मान्य करावयास हवे. परंतु तेथे झाडू मारणाऱ्या, पहारा करणाऱ्या, उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या माणसाला त्या कारभारात मत नाही.

1993 साली अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने यावर काही उपाय सुचविला होता. दहा लाखांवर लोकसंख्येचे, अनेक नगरपालिका वा पंचायतींचे आणि राज्यपालांनी अधिसूचित केलेले क्षेत्र म्हणजे महानगर, अशी तिची व्याख्या. त्यासाठी महानगर नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावेत, असे 243 झेडई कलम सांगते. बंगळूरचा 2007 साली मंजूर झालेला आराखडा मात्र विकास प्राधिकरणाचा होता. त्याची मुदत 2015 पर्यंतची; ती उलटल्यावरही वर्षानुवर्षे तोच चालू राहिला.

सप्टेंबर 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. पाच वर्षांनी, 2 सप्टेंबर 2025 रोजी, 2024 च्या बृहत् बंगळूर प्रशासन कायद्यानुसार एका महापालिकेच्या जागी मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा पाच महापालिका अस्तित्वात आल्या. त्या जन्मल्या तेव्हा पाचांत मिळून एकही निर्वाचित नगरसेवक नव्हता. त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण आहे. महापौरांना त्यात केवळ सदस्यत्व. एवढ्या मोठ्या शहराला एकच महापालिका पुरत नाही, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण कारभार लोकांच्या जवळ आणावयाचा, तर निर्णय वर नेण्याचे कारण काय? हेब्बाळ ते सिल्क बोर्ड हा सुमारे सतरा किलोमीटरांचा, हजारो कोटींचा भुयारी रस्ता निर्वाचित महापालिका नसलेल्या या काळातच पुढे रेटला गेला.

महाराष्ट्रातील कॉम्रेड्सना हे ओळखीचे वाटेल. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान जानेवारी 2026 मध्ये झाले. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची.

या पोकळीतही बंगळूरच्या कामगारांनी काही मिळविले आहे. जुलै 2022 मध्ये कंत्राटी सफाई कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, कायम नोकरीसाठी काम बंद ठेवले. दाद मागावयास नगरसेवक नव्हते. त्यांना थेट राज्य सरकारशीच झुंजावे लागले. 1 मे 2025 रोजी बारा हजारांहून अधिक कामगारांना कायम नेमणुकीची पत्रे मिळाली. त्यानंतर चारच महिन्यांत त्यांच्या मालक महापालिकेचे पाच तुकडे झाले.