ग्रंथालयातले आकाश



ज्या कैलासवासी गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांना प्रथम अभिवादन करतो. मराठीच्या प्राध्यापकाने खगोलशास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा विषय तारे जितका आहे, तितकाच ग्रंथही आहे. दुर्बीण विकत घेणे ज्याला परवडत नाही, अशा पेडणे वा डिचोली तालुक्यातील विद्यार्थ्याला आकाशाचा अभ्यास करता येईल काय? माझे उत्तर असे की, अवश्य येईल. मात्र ग्रंथालयातून कोणते पुस्तक उचलावे, हे त्याला कळले पाहिजे.

पुस्तकाला भाषा असते, तसा अक्षांशही असतो. लंडनच्या वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकातला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे ५१ अंश उंचावर असतो. आपल्याकडे तो जेमतेम साडेपंधरा अंशांवर दिसतो; कारण ध्रुवाची उंची ही त्या स्थळाच्या अक्षांशाइतकीच असते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची मानली, तर आपला ध्रुव उत्तर क्षितिजावर दीड मुठीवर आहे. एखादी टेकडी किंवा माडाचा झाप आड आला, तर तो दिसायचाही नाही. उलट, अगस्त्याचा तारा लंडनला कधीच उगवत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास तो व्याधाच्या खाली, दक्षिणेस तेजाने तळपतो. मे महिन्याच्या आरंभी आभाळ निरभ्र असेल, तर त्रिशंकूही दृष्टीस पडतो. परक्या आकाशाच्या पुस्तकावर विसंबणारा विद्यार्थी या ताऱ्यांना मुकतो आणि दोष मात्र स्वतःच्या डोळ्यांना देतो.

आपल्या आकाशाचे पुस्तक आपल्याच भाषेत केव्हाचे लिहून झालेले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी झाला. त्यांचे आकाश आणि आपले आकाश यांत अवघ्या दोन अंशांचे अंतर! ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे त्यांचे पुस्तक सामान्य वाचकासाठी आहे, तर १८९६ चा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ हा विद्वानांनाही आधारभूत वाटणारा ग्रंथ आहे. पुढे कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी ‘आकाशाशी जडले नाते’ लिहून आधुनिक विश्वशास्त्र मराठी घरात आणले. २०२५ च्या मे महिन्यात ते आपल्यातून गेले. त्यांचे ग्रंथ मात्र कपाटात आपली वाट पाहत आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशातील खगोलविषयक नोंदीही जिज्ञासूने अवश्य पाहाव्यात.

येथे शब्दाने केलेला एक घोटाळा सांगितला पाहिजे. ‘ज्योतिष’ या एकाच शब्दात आपण ग्रहगणित आणि भविष्यकथन दोन्ही कोंबले आहे. ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणात खगोलशास्त्राचा क्रमांक ५२० आहे, फलज्योतिषाचा १३३ च्या पोटात. केवळ नाव पाहून दीक्षितांचा ग्रंथ जन्मकुंडल्यांच्या शेजारी ठेवला गेला, तर ज्याला तो हवा आहे त्याच्या हाती तो कधीच लागणार नाही. ग्रंथपालाचा एक अचूक क्रमांक हीदेखील विज्ञानाची सेवाच आहे.

घरातले पंचांगही टाकाऊ समजू नका. चंद्र रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो, आणि एका नक्षत्राचा विभाग १३ अंश २० कलांचा असतो. म्हणून पंचांगात चंद्राचे नक्षत्र पाहावे आणि रात्री अंगणात येऊन ताडून पाहावे. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा अशी ओळख महिनाभरात होऊ लागते. मुहूर्तावर विश्वास असो वा नसो, गणिताची परीक्षा मात्र प्रत्येकाला घेता येते.

गोव्याचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये स्थापन झाले. पोर्तुगीज अमदानीतल्या त्या ग्रंथालयाचा मराठी शाळेत शिकणाऱ्या पेडण्याच्या मुलाला किती उपयोग होता, हे सांगायला नको. १९९३ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने तालुका व ग्राम पातळीवरील ग्रंथालयांना अधिष्ठान दिले. पर्सिव्हल नरोन्हा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या खगोलप्रेमींच्या संघटनेने पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा उभारली. परंतु दर रात्री पणजी गाठणे खेड्यातल्या मुलाला शक्य नाही. त्याची वेधशाळा म्हणजे त्याचे अंगण, आणि त्याचा मार्गदर्शक म्हणजे गावच्या ग्रंथालयातले पुस्तक.

हे अंगणही आता धोक्यात आहे. मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमानतळ सुरू झाला. रस्ते, हॉटेले, वसाहती यांचे दिवे वाढत आहेत. उजेड वाढला की आधी मंद तारे जातात; कृत्तिकांचा पुंजका पुसट होतो, आकाशगंगा तर दिसेनाशीच होते. विकास नको, असे मी म्हणत नाही. दिव्याला वरून झाकण असावे, त्याचा प्रकाश जमिनीवर पडावा, एवढेच मागणे आहे. पण जे आपण कधी पाहिलेच नाही, ते हरवल्याची तक्रार कोण करणार?

म्हणून या शाळेपुढे एक लहानसा संकल्प ठेवतो. ग्रंथालयात आकाशाचे एक स्वतंत्र कपाट असावे. त्यासोबत एक वही असावी, आणि विद्यार्थ्यांनी तारीख, वेळ, स्थळ घालून काय दिसले व काय दिसले नाही, ते तीत मराठीत नोंदवावे. दहा वर्षांनी ती वही पेडणे–डिचोलीच्या आकाशाचा दस्तऐवज ठरेल. कोणत्याही परक्या ग्रंथात तो सापडणार नाही. तो आपल्यालाच लिहावा लागेल.