आधी मिस्त्री शोधा, मग मशीन

 

गटातून कर्ज काढून शिलाई मशीन घेतलेल्या ताया आपल्याकडे गावोगावी आहेत. मशीन घरी येतं, हळदकुंकू लागतं, पहिले चार महिने छान जातात. मग नेमका आखाजीच्या आणि लग्नाच्या गर्दीत टाका सुटायला लागतो. आमच्या पारोळा तालुक्यातल्या एका ताईने दारावर आलेल्या टेम्पोतून स्वस्त मशीन घेतलं. शटल बिघडलं तेव्हा विकणाऱ्याचा फोन लागेना, आणि तसा पार्टही कुठे मिळेना. गिऱ्हाइकांचे ब्लाउज दुसरीकडे गेले. गटाचा हप्ता मात्र थांबला नाही. म्हणून सांगते, आधी मिस्त्री शोधा, मग मशीन.

मिस्त्री शोधायचा कसा? चोपडा, अमळनेर, साक्री, शिरपूर, आपलं जे तालुक्याचं गाव असेल तिथे दिवसभर मशीन चालवणारे तीन टेलर गाठा. “चांगला मिस्त्री कोण?” असं विचारू नका. “तुमचं मशीन मागच्या वेळी कोणी दुरुस्त केलं? किती दिवस लागले? किती घेतले? पुन्हा बिघडलं का?” असं विचारा. तिघांपैकी दोघांनी एकच नाव सांगितलं की तो आपला माणूस.

खरा मिस्त्री मशीन उघडण्याआधी अंदाजे खर्च सांगतो. आधी सुई बदलून आणि साचलेला कापूस-धागा काढून बघतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पार्ट बदलला तर जुना आपल्या हातात देतो. त्यालाच विचारा, “कोणत्या मशीनचे पार्ट तुमच्याकडे नेहमी असतात?” आपल्या बाजारातली पुष्कळ मशीनं पंजाबातल्या लुधियानात बनतात, वर नावं निरनिराळी असतात. नावापेक्षा पार्ट जवळ मिळणं मोठं.

आता दुकान. एकटी जाऊ नका, गटातली जुनी शिवणारी सोबत घ्या. घरून दोन चिंध्या न्या, एक पातळ आणि एक जीन्सची. वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावायला सांगा. लाल दोरा खाली किंवा पांढरा वर ओढलेला दिसला, तर दुकानदाराकडून टेन्शन जुळवून घ्या. तरी जमलं नाही तर दुसरं मशीन मागा. जीन्सच्या चार घड्या शिवून बघा. चाक हाताने हळू फिरवा. कुठे अडकायला नको.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. गॅरंटी कशाची, हेडची की मोटारचीही? दुरुस्तीला माणूस गावात येईल की हेड घेऊन यावं लागेल? पार्ट किती दिवसांत मिळेल? उत्तरं बिलामागे लिहून घ्या. बिलावर दुकानाचं नाव, तारीख आणि हेडवर कोरलेला मशीन नंबर हवाच. “बिलाशिवाय स्वस्त देतो” म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

एवढं करूनही फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फिरवा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. पण बिल लागतं!

मोबाइलवर “फुकट शिलाई मशीन, इथे फॉर्म भरा” असे निरोप फिरतात. त्यांवर आधार आणि बँकेची माहिती देऊ नका. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते आणि तिला पैसे लागत नाहीत. मध्यस्थाने मागितले, तर समजून घ्या.

शेवटचं, एका मशीनसाठी मिस्त्रीला गावात येणं परवडत नाही. दहा मशीनं एका ओट्यावर आणली तर तो आनंदाने येईल. दोन-तीन गटांनी मिळून आखाजीच्या महिनाभर आधी आणि दिवाळीच्या महिनाभर आधी त्याचा दिवस ठरवा. मधल्या काळात मशीनचंच तेल घाला. खाण्याचं किंवा खोबरेल घातलं की चिकटा धरतो.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. कोणत्या मिस्त्रीने काय काम केलं, किती घेतलं, ते गटाच्या वहीत लिहायला सुरुवात करा. पुढच्या ताईला ती वही उपयोगी पडेल.

राम राम!