नदीकाठचा मुक्काम : गावाचा मान आणि गावाची जबाबदारी

(चंदगड येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



चंदगड तालुक्याला निसर्गाने पाण्याचे दान दोन्ही हातांनी दिले आहे. घटप्रभा आणि तिला मिळणारी ताम्रपर्णी पूर्वेकडे वाहतात. घटप्रभा पुढे गोकाकचा धबधबा उतरून कृष्णेला मिळते. तिलारी मात्र सह्याद्रीचा कडा उतरून पश्चिमेकडे जाते आणि गोव्यात शापोरा हे नाव धारण करून अरबी समुद्राला भेटते. एका तालुक्यातला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्यात आला. पण नातेगोत्यांची आणि बाजारहाटाची जुनी वाट तुटली नाही. आता त्याच वाटेने सुटीचे पाहुणे येतात. कोणी पारगडावर जातो, कोणी धरणाच्या जलाशयाकाठी तंबू ठोकतो, कोणी डोहात पोहायला उतरतो. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. चाकांवरचे हे घर जेथे रात्री थांबेल, तेथे पाणी, वीज, स्वच्छता आणि सुरक्षितता असावी, हा त्यामागील हेतू आहे. तेव्हा ही जागा कोणती असावी आणि कोणती नसावी, याचा विचार आपण आजच केला पाहिजे.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी कुटुंबासह एका धरणाखालच्या नदीपात्रात मुक्काम केला होता. वाळू स्वच्छ, पाणी घोट्याएवढे. सायंकाळी एक वृद्ध गुराखी म्हणाला, "साहेब, पात्रात राहू नका, वर माळावर या." मी हसून मान हलविली आणि तेथेच राहिलो. मध्यरात्री तोच गुराखी कंदील घेऊन हाका मारीत आला. आम्ही मुलांना उचलून वर धावलो. उजाडले तेव्हा आमच्या चुलीचे दगड पाण्याखाली होते. धरणातून पाणी सोडले होते. आमच्या डोक्यावर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता.

आम्ही वाचलो. सर्वांच्याच नशिबी कंदील घेऊन येणारा माणूस नसतो. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्याने बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहात सापडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली.

शिक्षकांनी मुलांना एक साधा नियम जरूर समजावून द्यावा : प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. डोहाचा पृष्ठभाग शांत दिसतो. पण काठाशी कंबरभर असलेले पाणी दोन पावलांवर पुरुषभर होते आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. बुडणाऱ्याच्या मागे उडी टाकण्यापेक्षा दोर किंवा लांब काठी टाकणे, हीच पहिली मदत होय.

आता पंचायतींकडे वळू. मुक्कामाची जागा पात्रात नव्हे, तर पुराच्या जुन्या खुणेच्या वर असावी. शौचालय पाण्यापासून किमान ६० मीटर दूर असावे. कॅराव्हॅनमधील मैला कोठे रिकामा होणार, हे गाडी येण्यापूर्वी ठरलेले असावे. अन्यथा तो खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात जाईल. उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेली एक ठिणगी काजूच्या बागेची अनेक वर्षांची मेहनत जाळू शकते. म्हणून चूल ठरलेल्या जागीच पेटावी. तिलारी घाटाचा उतार तीव्र आहे आणि वळणे अरुंद आहेत. मोठी वाहने तेथे वळविण्यापूर्वी चालकाला आधी सावध करावे.

चंदगडच्या वनक्षेत्राला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. या परिसरात हत्तींचा वावर असतो. रात्री रानात गाणी वाजविणे आणि उष्टे टाकणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६-ब प्रमाणे अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत तेथील प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. ही खुर्ची रिकामी ठेवू नये.

पाहुणे आल्याने भाकरी, नाचणीचे पदार्थ, काजूगर विकले जातील, तरुणांना वाटाड्याचे काम मिळेल. हा लाभ गावात राहावा, यासाठी १ मेच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवाव्यात : कोणत्या डोहात उतरू नये, तंबू कोठे लावावेत आणि रात्री हाक मारायला कोण जाईल. डोहांची यादी शाळेतल्या मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून तयार करावी. कोणत्या डोहाने कोणत्या वर्षी कोणाला गिळले, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांच्या मागे ते ज्ञान उरणार नाही.

त्या रात्री मला ज्याने वाचविले त्याच्या अंगावर गणवेश नव्हता. त्याच्याजवळ नदीची माहिती होती आणि परक्याविषयी कळकळ होती. ही माहिती फलकावर यावी आणि ती कळकळ पंचायतीच्या कामात यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.