फीट थांबत नाही तेव्हा

मिरगी, फेफरे, फीट... नावे अनेक, आपल्याकडे पहिला इलाज मात्र अजूनही कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा. बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबते आणि श्रेय चपलेला जाते. मी बोलणार आहे न थांबणाऱ्या फीटविषयी.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका तरुणाला अशी फीट दोनदा आली. एकदा जळगावात नेले, एकदा मामाकडे असताना धुळ्यात. एकीकडे फेनिटॉइन दिले, दुसरीकडे लेव्हेटिरासिटाम. दोन्ही कागद घेऊन बाप माझ्याकडे आला. ‘‘चाचा, यातलं खरं औषध कोणतं?’’ मी बी.ए. झालेला कवी, पण जो लिहितो त्याला सगळे कळते, अशी गल्लीची समजूत! मग डॉक्टर मित्रांना विचारले, थोडे वाचले.

दोन्ही खरी. पहिल्या इंजेक्शनाने फीट थांबली नाही, तर पुढे काय द्यावे याची मोठी तुलना अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झाली. लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट. तिघांचेही यश सुमारे निम्म्या रुग्णांत, सारखेच. फेनिटॉइन शिरेतून सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून द्यावे लागते आणि ग्लुकोजच्या सलाइनमध्ये चालत नाही, एवढी त्याची कटकट.

खरे नुकसान त्याआधीच्या मिनिटांत होते. पूर्वी अर्धा तास चाललेल्या फीटलाच डॉक्टर आणीबाणी म्हणत. आता पाच मिनिटे झाली की उपचार सुरू, कारण अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. रावेर किंवा चोपड्याहून जळगावला पोचायलाच त्याहून जास्त वेळ जातो! म्हणून पहिले इंजेक्शन गावाजवळच मिळायला हवे. लोराझेपाम थंड ठेवावे लागते, शिवाय झटके देणाऱ्या हातात शीर सापडत नाही. २०१२ च्या एका अभ्यासात रुग्णवाहिकेतच मिडाझोलाम स्नायूत टोचले, तेव्हा दवाखान्यात पोचेपर्यंत ७३ टक्के रुग्णांची फीट थांबली होती. शिरेतल्या लोराझेपामने ६३ टक्के.

श्वास मंदावेल या भीतीने पुष्कळदा हा पहिला डोस कमी दिला जातो. पण न थांबलेली फीटही श्वास कोंडते. वारंवार फीट येणाऱ्यांसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. तो घरी ठेवावा का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

तोवर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटे झाली की १०८ ला फोन करा. आणि गावच्या दवाखान्यातून निघताना कोणते इंजेक्शन, किती आणि किती वाजता दिले, ते चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढचा डॉक्टर आधी तेच विचारतो.