मोरचंग आणि त्याचे उसने नाव

(शब्बाथनंतरच्या सभेत दिलेले भाषण)



हवदाला झाली, म्हणूनच हे लहानसे वाद्य मी खिशातून बाहेर काढीत आहे. मराठीत यास मोरचंग म्हणतात. इंग्रजीत त्याचे नाव ‘ज्यूज हार्प’, म्हणजे यहुद्याची वीणा. ह्या नावाने माझ्या हातून एक चूक घडविली. ती आपणांपुढे मांडावी म्हणून मी उभा आहे.

माझ्या नातवाने हे वाद्य आणले आणि विचारले, “आजोबा, हे आपल्या लोकांचे का?” मी क्षणाचाही विचार न करता होय म्हणालो, दावीद राजाच्या वीणेशी त्याचे नातेही जोडून दिले. मुलाने ते शाळेत सांगितले. पुढे ह्या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळले की मी त्याला खोटे सांगितले होते.

हे वाद्य यहुदी लोकांनी निर्माण केल्याचा काहीही पुरावा नाही. चीनमधील शिमाओ येथील उत्खननात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची, हाडांची अशी वाद्ये सापडली आहेत. राजस्थानात ते मोरचंग, दक्षिणेत मोरसिंग, सायबेरियातील याकूत लोकांत खोमुस. जर्मन लोक त्यास ‘तोंडाचा ढोल’ म्हणतात, तर इटालियन ‘चिंता पळविणारे’. ह्यांपैकी एकाही नावात यहुदी नाही. इंग्रजीत मात्र १४८१ मधील लंडनच्या जकातीच्या नोंदींतच ‘ज्यू’ हा शब्द त्यास चिकटलेला दिसतो. मूळ शब्द ‘जॉ’, म्हणजे जबडा, असावा असे कित्येक सांगतात. परंतु ‘ज्यू’ हेच रूप अधिक जुने आहे.

वाजविण्याची रीत साधी दिसते. चौकट दातांशी टेकवावी, दातांत किंचित फट ठेवावी आणि मधली पोलादी जीभ बोटाने छेडावी. तिचा मूळ स्वर एकच असतो. परंतु आपली जीभ पुढेमागे केली, तोंडाची पोकळी लहानमोठी केली, श्वास घेतला वा सोडला, की त्या एका स्वराच्या पोटातील स्वयंभू स्वर निरनिराळे उठू लागतात. कर्नाटक संगीतातील वादक तर मृदंगाचे बोल त्यावर वठवितो. पोलाद केवळ कंप देते. नाद घडतो तो वाजविणाऱ्याच्या मुखात.

आता नावाविषयी. परक्यांनी ठेवलेले नाव म्हणजे काय, हे आपणां बेने इस्राएलांस ठाऊक आहे. कोकणात शेजारी आपल्या पूर्वजांस ‘शनवार तेली’ म्हणत. ते नावही इतरांनीच दिलेले. परंतु त्यात सत्य होते. शनिवारी आपला घाणा बंद असे, हे गावाने पाहिले होते. शब्बाथ पाळल्याची ती शेजाऱ्यांची साक्ष होय. ‘ज्यूज हार्प’ हे नाव आपल्याविषयी अशी कोणतीच साक्ष देत नाही. म्हणून त्याचा राग नको आणि अभिमानही नको.

१९६४ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी आपण पूर्ण यहुदी आहोत हे मान्य व्हावे म्हणून येरुशलेमात धरणे धरले. त्यांच्यापाशी होता तो पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला शब्बाथ, सुंता आणि शेमा. ज्यांची बाजू एवढी खरी होती, त्यांच्या नातवंडांना उसन्या मोठेपणाची गरज काय?

नातवाजवळ मी चूक कबूल केली. तो थोडा खट्टू झाला आणि म्हणाला, “मग मी हे वाजवू नको का?” मी म्हणालो, “वाजव. ते आपल्या लोकांचे नसेल, पण जो मन लावून शिकेल त्याचे आहे. शाळेत मात्र खरे काय ते सांगून ये.” तो सांगून आला. आता आपल्या अनुमतीने तोच आपणांस वाजवून दाखवील.

शालोम.