कशासाठी दिली, कशासाठी वापरली?

(युवा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



खाजगीपणाचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?' कॉलेजातली मुलं म्हणतात, दुकानदार म्हणतात, घरी अब्बूही म्हणतात. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला उलटा प्रश्न पडतो. यात लपवण्याचा मुद्दा आलाच कुठून? आपण माहिती देतो ती एखाद्या कामासाठी. ती त्याच कामाला वापरली गेली का? मला आज एवढ्या एकाच प्रश्नावर बोलायचं आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये 'व्हाइस'च्या 'मदरबोर्ड' या तंत्रज्ञान विभागानं एक बातमी दिली. 'मुस्लिम प्रो' हे नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं ॲप. तेव्हा ते जगभरात ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालं होतं. त्या ॲपमधून लोकांचं लोकेशन 'एक्स-मोड' नावाच्या अमेरिकन कंपनीकडे जात होतं आणि एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित ठेकेदार होते. बातमी आल्यावर मुस्लिम प्रोनं लष्कराला डेटा विकल्याचा आरोप नाकारला, पण एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गुगलनं ॲप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचा कोड काढून टाकायला सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं या कंपनीला दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा संवेदनशील जागांचा लोकेशन डेटा विकायला बंदी घातली.

या सगळ्यात कुठेही चोरी झालेली नाही, हे लक्षात घ्या. कोणी पासवर्ड फोडला नाही. लोकांनी स्वतःच 'अलाउ' दाबलं होतं. ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीनं लिहिलेला कोडचा एक तयार तुकडा बसवलेला असतो, त्याला आम्ही एसडीके म्हणतो. तुम्ही परवानगी देता ॲपला आणि तिचा फायदा घेतो तो तुकडा. तुमच्या लेखी लोकेशन मगरिबच्या वेळेसाठी गेलं. प्रत्यक्षात ते बाजारात गेलं.

आता इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगतो. नमाजची वेळ काढायला इंटरनेट लागतच नाही. तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि आजची तारीख एवढं असलं की सूर्य कधी कुठे असेल हे गणितानं निघतं. सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे त्यावरून फजर आणि इशा, सावलीच्या लांबीवरून असर. किब्ल्याचंही तसंच. काबा सुमारे २१.४ उत्तर अक्षांश आणि ३९.८ पूर्व रेखांशावर आहे. तुमची जागा आणि ती जागा यांच्यातली दिशा काढायला त्रिकोणमितीच्या चार ओळी पुरतात. हे सगळं फोनच्या आत होऊ शकतं. शिवाय तुम्ही कोणत्या गल्लीत, कोणत्या इमारतीत आहात हे कळण्याचीही गरज नाही. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर तुम्ही १० किलोमीटर पूर्वेला सरकलात, तर सूर्यास्ताच्या वेळेत अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी फरक पडतो. शहराचं नाव निवडलं तरी काम भागतं.

मग नेमकी जागा का मागतात? कधी पैशासाठी, कधी निव्वळ सवयीनं. माझ्या धंद्यात एक वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलं आहे: 'घेऊन ठेवा, पुढेमागे उपयोगी पडेल.' फॉर्ममध्ये जन्मतारीख का हवी, विचारलं तर उत्तर नसतं. असू दे, एवढंच. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ या 'असू दे'मध्ये आहे. कारण साठवून ठेवलेली माहिती गप्प बसत नाही. मालक बदलतो, सरकार बदलतं, हवा बदलते आणि कालची निरुपद्रवी यादी आज दुसऱ्याच कामाला लागते. १९८४ साली दिल्लीत शिखांची घरं शोधायला मतदार याद्या आणि रेशनच्या याद्या वापरल्या गेल्या, हे वाचलेल्यांच्या साक्षींतून पुढे आलं. मतदान करणाऱ्या, रेशन घेणाऱ्या त्या माणसांकडे लपवण्यासारखं काय होतं? काहीच नाही. यादी तयार झाली एका कामासाठी, वापरली गेली दुसऱ्या.

आपल्या बोलण्यात याला नेमका शब्द आहे. एखाद्यानं सांभाळायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत, आणि तिचा दुसराच वापर म्हणजे खयानत. अमानत ठेवणाऱ्याला आपण कधी विचारतो का, की बाबा, तुझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे? प्रश्न विचारायचा असतो सांभाळणाऱ्याला.

हेच सूत्र घेऊन जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ आठवा. आधी 'सुल्ली डील्स', मग 'बुली बाई'. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या अशा मुस्लिम स्त्रियांचे त्यांनी स्वतः टाकलेले फोटो उचलून, शिवीचं नाव दिलेल्या ॲपवर त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनं अटक केली. पकडलेल्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, हे मला आजही खुपतं. पण त्याहून जास्त खुपलं ते आपल्या घरांत जे झालं ते. अनेक ठिकाणी पहिली प्रतिक्रिया काय होती? 'तू फोटो टाकलाच कशाला? अकाउंट बंद कर.' म्हणजे खयानत करणारा मोकाट आणि शिक्षा कुणाला, तर जिची अमानत होती तिला. तिनं फोटो टाकला होता आपलं काम, आपलं मत जगापुढे ठेवायला. गुन्हा फोटो टाकण्यात नव्हता. गुन्हा तो उचलून दुसऱ्या कामाला वापरण्यात होता.

इथे बसलेल्या भावांना मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. सरकारनं माझा फोन तपासू नये, असं आपण तावातावानं म्हणतो. आणि बहिणीचा फोन? तिचा पासवर्ड आपल्याला माहीत असलाच पाहिजे, तिचं लोकेशन चोवीस तास आपल्या फोनवर दिसलंच पाहिजे, हे कुठल्या न्यायानं? 'सुरक्षेसाठी' हे कारण प्रत्येक पाळत ठेवणारा देतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अब्बूंना आहे, तुम्हाला आहे, तेवढाच तुमच्या बहिणीलाही आहे. तिनं आपणहून लोकेशन पाठवलं तर तो विश्वास. तिच्याकडून घेतलं तर ती पाळत.

आता कायद्याबद्दल. या निकालाच्या काळातच डेटा संरक्षण कायद्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी केली तेच. या समितीच्या २०१८ च्या मसुद्यात धर्म, जात, आरोग्य अशा माहितीला 'संवेदनशील' म्हणून वेगळं, जास्तीचं संरक्षण होतं. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हा वेगळा वर्गच नाही. तुमचा धर्म आणि तुमचा ईमेल, कायद्याच्या लेखी सारखेच. शिवाय केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणासाठी, या कायद्यातून वगळू शकतं. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची सवलत मिळाली. मात्र माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारायची वाट रुंद करणारी दुरुस्ती लगेच लागू झाली. म्हणजे नागरिकानं सरकारला प्रश्न विचारण्यावरचं बंधन आज, आणि कंपनीनं नागरिकाला उत्तर देण्याचं बंधन नंतर. हा क्रम मला उलटा वाटतो, आणि तो तसा आहे हे आपण ठिकठिकाणी बोललं पाहिजे.

तरीही या कायद्यात एक कामाची गोष्ट आहे. संमती ठरावीक कामापुरतीच आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती, असं कलम ६ म्हणतं. कायद्यानंच उदाहरण दिलंय: टेलिमेडिसिनच्या ॲपनं तुमच्या फोनमधली नावांची यादी मागितली आणि तुम्ही हो म्हणालात, तरी ती संमती फक्त उपचाराच्या सेवेपुरतीच धरली जाईल, कारण त्या सेवेला यादी लागत नाही. आपण आज जे सूत्र बोलतोय, तेच हे.

आणि बोलण्यानं फरक पडतो. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीपासून टाकण्याचा आदेश मोबाइल कंपन्यांना दिला. देशभर टीका झाली आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. ॲप आजही आहे, ज्याला हवं त्यानं घ्यावं. सक्ती गेली, हे महत्त्वाचं.

शेवटी आपल्या अंगणाकडे येतो. शिष्यवृत्ती, मदतनिधी, रोजगार मेळावा, वधूवर सूचक मंडळ अशी कितीतरी चांगली कामं आपल्याकडे चालतात. आणि त्यांचे कागद कुठे फिरतात? व्हॉट्सॲप ग्रुपवर. फीसाठी मदत मागणाऱ्या मुलीचं आधार कार्ड, रेशन कार्ड, कधी तिच्या आईच्या तलाकचे कागद दोनशे जणांच्या ग्रुपवर पडतात. मुलींचे बायोडेटा फोटो, पत्ता, फोन नंबरासकट फॉरवर्ड होत राहतात. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी फिरतात. हेतू नेक असतो, हे मला मान्य आहे. पण मोठ्या कंपन्यांना जाब विचारायचा आणि गरिबाच्या अमानतीचा असा बाजार मांडायचा, हे जमणार नाही. गरजू माणूस 'नको' म्हणू शकत नाही, म्हणून त्याची माहिती अधिक जपायची असते.

म्हणून कामाचं बोलतो. पहिलं, आजच फोनची सेटिंग्ज उघडा आणि लोकेशनची परवानगी कोणाकोणाला आहे ते बघा. नमाजच्या ॲपला नेमकं लोकेशन बंद करून अंदाजे लोकेशन द्या, किंवा शहर हातानं निवडा. दुसरं, आधारची प्रत द्यावीच लागली आणि चालणार असेल तर 'मास्क्ड आधार' द्या. तो यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळतो आणि त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही ज्या संस्थेत, मंडळात, कमिटीत काम करता तिचा फॉर्म हातात घ्या. प्रत्येक रकान्यापुढे तीन प्रश्न लिहा: हे कशाला हवं? कोण बघणार? कधी पुसणार? ज्या रकान्याला उत्तर नसेल, तो खोडा.

वडीलधारे म्हणतील, इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. त्यांना अदबीनं सांगा, चाचा, तेव्हा कागद कपाटात राहत होता. आता तो एका बोटानं दोनशे घरांत जातो. कपाट गेलं, पण अमानत तीच आहे. ती सांभाळायची तर आता आपणच विचारायला हवं.