जांभळ्याचं पिवळं का झालं?

लेखी परीक्षेत तीन तास मिळतात, तोंडी परीक्षेत विचारलं तेवढंच सांगून सुटता येतं. पोस्टर स्पर्धेत दोन्हीची सोय नाही. एम.एस्सी.च्या मुलामुलींनी वर्षभर प्रयोगशाळेत जे केलं, ते मीटरभर कागदावर बसवायचं, त्याच्याशेजारी उभं राहायचं आणि परीक्षक आले की चार-पाच मिनिटांत उलगडून दाखवायचं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २००६ पासून ‘आविष्कार’ हा संशोधन महोत्सव होतो. आधी विद्यापीठात निवड, मग राज्याची आंतरविद्यापीठ फेरी. त्यात भाषा आणि कलांनाही जागा आहे, म्हणून माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या कवीला अशा स्पर्धांचं अधूनमधून बोलावणं येतं. भाषेची पोस्टरं बघून झाली की मी जीवशास्त्राच्या रांगेत रेंगाळतो. तिथं मला जास्त करमतं, पण हे आमच्या मराठीच्या प्राध्यापकांना सांगू नका.

परळ-दादरच्या बाजूला अशी रांग लागली की मला हटकून हाफकिन आठवतात. प्लेगच्या दिवसांत त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेनं पुढे आले. जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागे. तो गाईचा चालणार नाही आणि डुकराचाही चालणार नाही, हे ओळखून त्यांनी बकऱ्याचं मांस घेतलं आणि वर तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या थेंबांना लोंबत वाढायचे. तरीही लोक भीतच होते. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकरांनी प्लेगच्या तपासणीला विरोध केला आणि दंगल उसळली. दुसरीकडे, विशीही न गाठलेल्या आगाखानांनी आपल्या खोजा जमातीसमोर उघडपणे लस टोचून घेतली होती. हाफकिनना प्रयोगशाळेसाठी माझगावचा स्वतःचा बंगलाही दिला होता. १८९९ साली ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून तिला हाफकिनचं नाव आहे. लस बाटलीत तयार असते, पण ती दंडापर्यंत पोचायला मधे कुणीतरी बोलणारं लागतं.

गेल्या खेपेला मी एका मुलीच्या पोस्टरपाशी बराच वेळ थांबलो. विषय चाळींच्या टाक्यांमधल्या पाण्याचा. इंग्रजी शीर्षक दोन ओळी भरून, खाली परीक्षानळ्यांचे फोटो. काहींतला द्राव जांभळा, काहींतला पिवळा. परीक्षक आले. नमुने किती, कुठल्या महिन्यातले, असं त्यांनी विचारलं. तिनं झरझर इंग्रजीत उत्तरं दिली. नमुने थोडे आहेत, तेव्हा निष्कर्ष काढणार नाही, हेही स्वच्छ सांगितलं. मला ते आवडलं. परीक्षक मान हलवून पुढच्या पोस्टरकडे गेले.

मग खुर्च्या आवरणारे शिपाईमामा आले. लालबागला चाळीत राहणारे. म्हणाले, “ताई, हे जांभळ्याचं पिवळं का झालं?”

पोरगी अडखळली. तोंडात सगळे शब्द इंग्रजी. मला तिची अडचण नेमकी कळत होती. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी, नमाजाला अरबी, असं मी लहानपणापासून शब्द शोधतच वाढलोय. तिनं एक श्वास घेतला आणि म्हणाली, “मामा, दुधाला विरजण लागलं की ते आंबतं ना? या नळीत दुधातलीच साखर घातलीय. पाण्यात शंकास्पद जंतू असले तर ते ही साखर खातात, आंबट करतात. आंबट झालं की रंग पिवळा. आणि आत ही इवलीशी नळी उलटी ठेवलीय ना, तिच्यात त्यांचा वायू साठतो.”

“म्हणजे पिवळं झालं की पाणी खराब?”

“संशय घ्यायचा. लगेच खराब म्हणायचं नाही. पुढे आणखी एक तपासणी करावी लागते.”

असं नेमकं मराठी मी त्या दिवशी भाषेच्या रांगेतसुद्धा ऐकलं नव्हतं. पण गुणपत्रिका कधीच भरून गेली होती, आणि या उत्तराला त्यात रकानाच नव्हता. तो असावा असं मी संयोजकांना तिथंच सुचवलं. विज्ञान शाखेतल्या माणसानं सुचवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दहापैकी दोन गुण तरी अशा माणसानं द्यावेत, ज्याला तो विषय ठाऊक नाही, पण जो ते पाणी पितो. एवढीच माझी मागणी आहे.

त्या मुलीला बक्षीस मिळालं नाही. संध्याकाळी ती पोस्टर गुंडाळत होती, तेव्हा मामा परत आले. “आमच्या टाकीचं पाणी आणलं तर बघाल का?”

“आणा. पण धुतलेल्या बाटलीत नको,” ती म्हणाली, “मी निर्जंतुक केलेली बाटली देते.” आणि बाटली कशी धरायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट का लावायचं नाही, हे ती गुंडाळी काखेत धरून त्यांना दाखवू लागली.